प्लॅटिनम किती टिकतं, ते विचारा

जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लेनचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आठवत असेलच. त्याच वर्षी २१ ऑगस्टला पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस दाखवली गेली. केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी ती मिळून देशातच विकसित केली. अशी बस उद्या आपल्या या रस्त्यावर रोज धावायची, तर अडचण फक्त हायड्रोजन मिळण्याची नाही. प्लॅटिनमचीही आहे.

फ्युएल सेलमध्ये एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवा जाते. मिळते वीज, उरतं पाणी. पण हवेतल्या ऑक्सिजनची अभिक्रिया फार मंद. तिला वेग देणारा उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, लागतो आणि बससारख्या वाहनांत तो आजही मुख्यतः प्लॅटिनमचाच असतो. महाग धातू, म्हणून त्याचे काही नॅनोमीटरचे कण कार्बनच्या भुकटीवर पसरवतात. कण लहान तितका पृष्ठभाग जास्त. बरं, इथंच मेख आहे. गाडी थांबत-पळत राहिली की लहान कण विरघळतात, मोठ्यांवर जाऊन बसतात. खालचा कार्बनही झिजतो. २००७ मध्ये अमेरिकेत प्लॅटिनम-निकेलच्या एका स्फटिकाचा पृष्ठभाग शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठभागापेक्षा दहापट सक्रिय ठरला. केवढा गाजावाजा! पण सेलमधल्या आम्लात निकेल हळूहळू निघून जातं.

हा नुसता रसायनशास्त्राचा प्रश्न नाही. जगात खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. तेलाची आयात सोडून प्लॅटिनमची धरायची, याला स्वावलंबन कसं म्हणायचं? तरी २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनच्या १९,७४४ कोटींपैकी संशोधनाला मिळाले ४०० कोटी. आमच्या मते हे फार तोकडं आहे.

तुमच्यापैकी अनेक जण एमएस्सीचा प्रोजेक्ट शोधत असाल. प्लॅटिनम विकत घेणं कॉलेजला झेपणार नाही, पण त्याच्याखालचा कार्बन झेपेल. कापसाची वेचणी संपली की वऱ्हाडात पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. काही चुलीत जातात, काही धुऱ्यावर जळतात. पऱ्हाटीपासून सच्छिद्र कार्बन करता येतो. तो प्लॅटिनमला किती घट्ट धरून ठेवतो, हे तपासण्यासारखं आहे. फक्त पहिल्या दिवशीचा सुंदर आलेख लावून थांबू नका. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या चाचणीत कॅटॅलिस्टवरचं व्होल्टेज ३०,००० वेळा खाली-वर करतात आणि मग काय उरलं ते मोजतात. तुम्ही हजारापासून सुरुवात करा. आकडा पडला, तर पडलेलाच लिहा आणि कशामुळे पडला, कण वाढले की कार्बन झिजला, हे गाईडसोबत बसून शोधा.