पाव, पगार आणि छोटे आनंद

‘छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा’ हा सल्ला कानावर पडला नाही असा दिवस हल्ली जात नाही. सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली तो असतो, दुपारी एखाद्या रीलमध्ये वाफाळत्या चहाच्या कपासोबत असतो आणि कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान असलं की तिथेही शेवटच्या स्लाइडवर हजर! सल्ला खोटा नाही. पण तो देणारे एक गोष्ट नेहमी गाळतात, असं मला वाटतं. हे छोटे आनंद आपोआप उगवत नाहीत. बहुतेक वेळा ते कुणीतरी आपल्या आधी उठून तयार केलेले असतात. त्यामुळे त्यांची कदर करायची म्हणजे नुसतं डोळे मिटून ‘आहा’ म्हणायचं नव्हे. त्या आनंदामागे कोण आहे आणि त्याचं कसं चाललंय, हेही बघायला हवं.

आपल्या गोव्यातलंच उदाहरण घेऊ. आपला पोदेर. पहाटे सायकलचा भोंगा वाजला की अर्धा वाडा जागा होतो. टोपलीवरचा प्लास्टिकचा कागद बाजूला सरतो आणि गरम पावाचा वास थेट अंगणात येतो. कुणाला साधा पाव हवा असतो, कुणाला कडक सालीचा उंडो, कुणाला कात्रो. मधुमेह असलेल्या आजोबांसाठी कोंड्याची पोयी घ्यायची असते आणि चहात बुडवायला काकण. पाचेक मिनिटांत हा सगळा सोहळा संपतो आणि पोदेर पुढच्या दारात जातो. बाहेरगावी शिकायला गेलेल्या कुठल्याही गोंयकाराला विचारा, घरची आठवण कशाने येते म्हणून. समुद्राच्या आधी तो पावाचं नाव घेईल.

या पाच मिनिटांच्या मागे किती रात्र आहे, ते बघा. आपण मोबाइल बाजूला ठेवून झोपायच्या तयारीत असतो तेव्हा भट्टीवर पीठ मळलं जातं. पोर्तुगिजांबरोबर इथे फुगवलेला पाव आला. तेव्हा यीस्ट मिळत नव्हतं म्हणून पीठ आंबवायला माडाची सूर वापरली जाई. सूर आता बहुतेक ठिकाणी गेली, पण लाकडावरची भट्टी अजून पुष्कळ गावांत टिकून आहे. त्या धगीसमोर रात्रभर उभं राहायचं, पहाटे सायकल काढायची आणि संध्याकाळी पुन्हा एक फेरी मारायची. पावसाळ्यात तर टोपली कोरडी ठेवायची की आपण कोरडं राहायचं, असा प्रश्न. मैदा महागतो, लाकूड महागतं, माणसं मिळत नाहीत. पोदेराच्या घरची पुढची पिढी या कामात यायला फारशी राजी नाही आणि त्यात तिचा दोष नाही. आज कित्येक भट्ट्यांवर काम करणारे हात शेजारच्या राज्यांतून आलेले आहेत. आपण ज्याला ‘अस्सल गोव्याची चव’ म्हणतो, ती त्यांच्या हातून आपल्या ताटात येते.

आणि आपण काय करतो? पावाची किंमत एक रुपयाने वाढायची म्हटली की गावभर चर्चा. ‘पाव लहान झाला’ ही तक्रार तर बारमाही. तीच माणसं पणजीतल्या कॅफेत दीडशे रुपयांची कॉफी मुकाट्याने पितात आणि वर कपाचा फोटो काढतात. कॉफी पिऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण ज्या आनंदाच्या नावाने आपण गहिवरतो, त्याला एक रुपया जास्त द्यायला मात्र आपलं मन होत नाही, हे जरा विचित्र नाही का? मराठीतले ‘पाव’ आणि ‘पगार’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजमधून आले आहेत. एक खायचा, दुसरा द्यायचा. पहिला आपण आवडीने उचलला. दुसरा दुसऱ्याला द्यायची वेळ आली की आपला हात आखडतो.

आता कुणी म्हणेल, रोजच्या पावाचं एवढं कौतुक कशाला? खरं आहे, रोजच्या गोष्टीचं कौतुक राहत नाही. सवय ही मोठी चोर आहे. 1978 साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यात लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 जणांची तुलना लॉटरी न लागलेल्या साध्या माणसांशी केली. लॉटरीवाले इतरांपेक्षा फार सुखी निघाले नाहीत. उलट न्याहारी करणं, मासिक वाचणं, मित्राशी गप्पा मारणं अशा रोजच्या गोष्टींतून मिळणारी मजा त्यांनी कमीच सांगितली. एवढ्या थोड्या माणसांवरून सगळ्या जगाचा नियम बांधता येत नाही, हे मान्य. तरी मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. बारावीला हवे तेवढे टक्के मिळाले की आठवडाभर आपण हवेत असतो, नंतर त्याचंही काही वाटत नाही. मोठ्या आनंदाची वाट बघताना मधले सगळे दिवस आपण बस स्टॉपवर उभं राहिल्यासारखे काढतो.

बस स्टॉपवरून आठवलं. वाट बघण्याचा वेळ हा आपल्याला फुकट गेलेला वेळ वाटतो. कदंबाची गाडी पाच मिनिटं उशिरा आली की आपण इअरफोन लावतो आणि मान खाली घालतो. पण रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत एकदा मान वर करून उभे राहा. मांडवीचं पाणी, कडेची खारफुटी, पलीकडे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. बोटीत मासळीची पाटी घेतलेली बाई, शाळेची मुलं, स्कूटरवर बसूनच पेपर वाचणारे काका. काही मिनिटं कुणालाच पुढे जाता येत नाही. श्रीमंताची गाडी आणि गरिबाची सायकल एकाच वेळी काठाला लागते. रस्त्यावर असं कधी होतं का?

म्हणून पूल नकोत, असं म्हणणारा मी नव्हे. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बार्देश यांच्यामध्ये लोकांचे काय हाल झाले, ते आपल्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात. त्या काळात फेरीबोटींनीच लोकांना तारलं. आजारी माणसाला मध्यरात्री दवाखान्यात न्यायचं असेल तर बोटीतून दिसणाऱ्या बगळ्यांचं कौतुक कोण करणार? बेटावर राहणाऱ्याला रोज रांगेत थांबावं लागतं, त्याचा त्रास पर्यटकाच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. एकाचा छोटा आनंद दुसऱ्याची मोठी अडचण असू शकते, हे लक्षात ठेवूनच बोललं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की जिथे चार माणसांना एकत्र थांबावं लागतं अशा जागा हळूहळू कमी होत आहेत. ज्या उरल्या आहेत तिथे तरी आपण हजर असावं. शरीराने तर असतोच, मनानेही असावं.

या विषयावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. ‘छोट्या गोष्टींत आनंद माना’ हे भरल्या पोटाचं तत्त्वज्ञान आहे, असं काही जण म्हणतात. पदवी हातात आहे आणि नोकरी नाही, घरभाडं डोक्यावर आहे, अशा मुलाला ‘पाऊस बघ, मातीचा वास घे’ म्हणणं ही चेष्टाच नाही का? मला हा आक्षेप अर्धा पटतो. छोटा आनंद हक्काच्या जागी बसवता येत नाही. कामगाराला पगार कमी द्यायचा आणि वर त्याला समाधानाचे धडे द्यायचे, हा लबाडीचा प्रकार आहे. आपल्या ‘सुशेगाद’ शब्दाचंही तेच झालं. मूळ अर्थ निवांत, शांत. जाहिरातवाल्यांनी त्याचा अर्थ ‘गोव्यात कुणी काम करत नाही’ असा करून टाकला. रात्रभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला हे जरा ऐकवून बघा!

पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मला पटत नाही. गरिबाला छोट्या आनंदाची जाणीव नसते, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल तर हे लगेच कळेल. रेव्हरंड टिळकांचा संसार म्हणजे पैशाचा कायमचा खडखडाट. धर्मांतरानंतरचा विरह, नातलगांचा राग, लेकराचा मृत्यू, प्लेगचे दिवस, सगळं त्या पुस्तकात आहे. तरी ते वाचताना आपण पुन्हा पुन्हा हसतो. कारण दुःख सांगताना लक्ष्मीबाईंची नजर घरातल्या गमतींवरून कधी हटली नाही. त्यांनी दुःख झाकलं नाही आणि हसूही सोडलं नाही. छोटा आनंद संकट दूर करत नाही. पण संकटातल्या माणसाला तो माणूस म्हणून उभं ठेवतो, एवढं काम तो नक्की करतो.

लक्ष्मीबाईंवरून आणखी एक गोष्ट मनात येते. आपल्या छोट्या आनंदांची यादी करायला बसलो तर त्यात ‘आईच्या हातचा चहा’ हमखास असतो. पावसात भजी असतात. रविवारचं माशांचं हुमण असतं. आता या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कोण करतं, हे लिहा. नावं दोनतीनच निघतील आणि ती बहुतेक बायकांचीच असतील. मग एक साधा प्रश्न. आईचा छोटा आनंद कोणता, हे आपल्याला माहीत आहे का? तिला चहा कसा आवडतो? दुपारी सगळं आवरल्यावर ती अर्धा तास काय करते? पाऊस पडला की आपल्याला भजी आठवतात, तिला वाळत घातलेले कपडे आठवतात. ज्या घरात एकाच्या आनंदासाठी दुसरा कायम उभा असतो, तिथे आनंद आहे असं म्हणताना जरा थांबलं पाहिजे.

आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, म्हणून ती प्रार्थना आपल्यापैकी सगळ्यांनी, कुठल्याही धर्माचे असलो तरी, ऐकलेली आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या त्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती वर्षभराची नाही, साठवणीची नाही, त्या त्या दिवसाची. आणि मागणारा ती एकट्यासाठी मागत नाही, सगळ्यांसाठी मागतो. मला त्यातलं हे अनेकवचन फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या घरांत जेवणाआधी म्हणतात त्या श्लोकांतही अन्नाकडे केवळ पोटभरीची वस्तू म्हणून बघितलेलं नाही. रोजच्या गोष्टीबद्दल रोज आभार मानायचे, हे दोन्हीकडे आहे. सवयीच्या चोरीवर आपल्या आज्यांनी काढलेला हा जुना उपाय असावा.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हे सगळं लिहायचं कारणही सांगतो. छोट्या गोष्टी दिसायला त्यांना नाव असावं लागतं. मराठीने हे काम फार पूर्वीपासून केलं आहे. फडके, काणेकर यांच्या लघुनिबंधांचे विषय बघितले तर किती साध्या गोष्टींवर त्यांनी लिहिलंय याचं आश्चर्य वाटतं. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये वर्षाचे महिने एकेक करून निरखले. आपल्या बोरीचे बा. भ. बोरकर तर मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांतून इथल्या माती-पाण्यावर भरभरून लिहीत राहिले. उंडो, पोयी, कात्रो, काकण हे शब्द ज्याला येतात त्याला टोपलीत चार वेगळ्या वस्तू दिसतात. ज्याला येत नाहीत त्याला दिसतो नुसता ‘ब्रेड’. शब्द गेला की आधी फरक जातो आणि मग एक दिवस वस्तूही जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका छोट्या आनंदावर शंभर शब्द लिहावेत, पण एका अटीवर. तो आनंद ज्याच्यामुळे मिळतो त्या माणसाशी आधी बोलून यायचं. फेरीबोटीवर दोर टाकणारा असेल, कँटीनमध्ये मिरची तळणाऱ्या मावशी असतील, सायंकाळची घंटा वाजवणारा असेल, देवळाबाहेर अबोलीचे वळेसार विकणारी बाई असेल. त्यांचा दिवस कधी सुरू होतो, त्यात त्यांना स्वतःला काय आवडतं, आणि हे काम आणखी किती वर्षं चालेल असं त्यांना वाटतं, एवढं विचारायचं. उत्तरं नेहमीच गोड असतील असं नाही. कदाचित काही जण म्हणतील, ‘पोरांना यात घालणार नाही.’ तेही तसंच लिहायचं.

आणि मित्रांनो, अंक निघेपर्यंत एक काम आजच करता येईल. पोदेराचे या महिन्याचे पैसे राहिले असतील तर ते देऊन टाका.