‘गिटारच्या ॲम्पवर बास लावू नये’ म्हणे!

मंडळी, बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. या काळात एका उत्तराची मला कायम चीड आली. मुलाने ‘का?’ विचारावं आणि मोठ्याने सांगावं, "करू नये, कारण करायचं नसतं!" हल्ली हेच उत्तर मला वाद्यांच्या दुकानातून ऐकू येतंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

नाशिकच्या वहिनी विचारणारच, म्हणून आधी सांगते. बास गिटार म्हणजे जाड चार तारांची, खर्जातली गिटार. रॉक संगीतात ती ड्रमच्या हातात हात घालून चालते. आमचे नातू इंजिनियरिंगला आहेत आणि कॉलेजच्या बँडमध्ये ती वाजवतात. मित्राकडे पंधरा वॅटचा, व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प पडून आहे आणि तो स्वस्तात द्यायला तयार आहे. दुकानदार म्हणाला, "जळून जाईल. बासचा वेगळा मोठा ॲम्प घ्या." किंमत ऐकून मुलाच्या बापाने चष्मा काढून पुसला! उलट बँडमधली पोरं म्हणतात, "व्हॉल्व्हचे पंधरा वॅट म्हणजे साध्याचे पन्नास, लाव बिनधास्त." माझं म्हणणं असं की दोन्ही पक्ष चूक आहेत, आणि दुकानदाराची चूक जास्त महागात पडणारी आहे.

माझ्या वयाच्या लोकांना व्हॉल्व्ह सांगायला नको. आमचे दादा रेडिओ दुरुस्त करीत. बटण फिरवलं की काचेच्या नळ्या हळूहळू लाल व्हायच्या आणि मग आवाज यायचा. त्याच नळ्या या ॲम्पमध्ये आहेत. आता सांगा, त्या नळीला काय कळतं की आलेला स्वर गिटारचा आहे की बासचा? ती विजेची लहान लाट मोठी करते, बस्स!

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1951 साली प्रिसिजन बास बाजारात आणला आणि 1952 साली त्याच्यासाठी ‘बासमन’ नावाचा व्हॉल्व्हचा ॲम्प. नावातच बास आहे! पुढे त्याचं चार स्पीकरवालं रूप गिटारवाल्यांनी पळवलं. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी 1962 साली त्याच बासमनच्या धर्तीवर आपला पहिला ॲम्प बांधला. म्हणजे रॉक गिटारच्या सर्वांत गाजलेल्या घराण्याची आजी बासवालीच निघाली. मार्शलने पुढे शंभर वॅटचे दोन ॲम्प काढले, गिटारसाठी ‘सुपर लीड’ आणि बाससाठी ‘सुपर बास’. दोघांत फरक काय, तर मोजके कपॅसिटर आणि रेझिस्टर. ‘मोटरहेड’चे लेमी वर्षानुवर्षं त्या सुपर बासमधून गिटारसारखा करकरीत बास वाजवत राहिले. यात कुठलं आलंय सोवळं-ओवळं?

मग अडचण कुठे आहे? ती आहे स्पीकरमध्ये. गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते, बासची 41 वेळा, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. स्वर एक सप्तक उतरला आणि आवाज तेवढाच हवा असेल, तर स्पीकरच्या कागदी पडद्याला चौपट मागे-पुढे व्हावं लागतं. गिटारचा स्पीकर एवढ्या उड्या मारण्यासाठी बनवलेलाच नसतो. जोर वाढवला तर आधी फडफडतो आणि मग कायमचा बिघडतो. त्यातून स्वस्त ॲम्पची पेटी बहुधा मागून उघडी असते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारते आणि खर्ज नाहीसा होतो. गणपतीच्या मांडवातल्या भोंग्यावर तबला आठवा. डग्ग्याचा घुमारा गायब, नुसती टकटक. तेव्हा आपण तबलजीला दोष देत नव्हतो!

दुसरी अडचण ट्रान्सफॉर्मरची. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये लोखंडाचा गाभा असलेला ट्रान्सफॉर्मर असतो. स्वर जितका खालचा, तितकं जास्त लोखंड लागतं, आणि लोखंडाला पैसे पडतात. स्वस्त ॲम्पमध्ये काटकसर नेमकी इथे होते. त्यामुळे जोरात वाजवलं की खालचे स्वर पिठल्यासारखे गचगचीत होतात. म्हणजे खरं उत्तर ‘जळून जाईल’ हे नसून ‘अमुक भाग, अमुक आवाजाला, अमुक कारणाने दमेल’ हे आहे. एवढं सांगायला दुकानदाराला पाच मिनिटं लागली असती. पण मग मोठा ॲम्प कसा खपणार?

आता पोरांकडे वळते. बाळांनो, वॅट म्हणजे वॅट. व्हॉल्व्हचा वॅट काही गावरान तुपातला नसतो! व्हॉल्व्हचा ॲम्प क्षमतेबाहेर रेटला की त्याचा आवाज एकदम कर्कश न फाटता हळूहळू खरखरीत होतो, आणि ती खरखर रॉकमध्ये गोड लागते. म्हणून तो मोठा वाटतो, इतकंच. पण स्वच्छ खर्ज हवा असेल तर ही सवलत नाही. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. अमेरिकेत अँपेग कंपनीने 1969 साली मोठ्या मंचांसाठी बासचा एसव्हीटी काढला, तो तीनशे वॅटचा. तुमचा पंधरा वॅटचा डबा ड्रमसमोर स्वच्छ बास देईल, ही आशा सोडा.

पण स्वच्छ बास हाच एकमेव बास, असं कोणी ठरवलं? तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की स्वयंभू गंधार ऐकू येतो ना? तसेच बासच्या तारेतही वरचे स्वर दडलेले असतात. रॉकमधला करकरीतपणा त्या वरच्या स्वरांत असतो, आणि ते काम लहान व्हॉल्व्हचा ॲम्प झकास करतो. शिवाय कानही मदत करतो. खिशातल्या ट्रान्झिस्टरवर भारदस्त पुरुषी आवाज ओळखू येतो, पण त्याचा तळाचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नसतो. कान तो भरून काढतो. अँपेगची आठ स्पीकरांची सुप्रसिद्ध पेटीसुद्धा कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे 58 कंपनांच्या खाली उतरू लागते. 41 वर पूर्ण ताकद तिच्यातही नाही! इंग्लंडच्या ‘रॉयल ब्लड’ने 2014 सालच्या पहिल्या अल्बममध्ये गिटार घेतलीच नाही. एक बास आणि एक ड्रम. तो बास गिटारच्या ॲम्पमधूनही जातो आणि बासच्या ॲम्पमधूनही.

तर माझा सल्ला हा. तो ॲम्प घ्यावा. घरी हळू आवाजात, खर्जाचं बटण कमी ठेवून वाजवावं. कार्यक्रमात बासच्या तारेचे दोन वाटे करावेत. एक साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरांकडे, तो खर्ज सांभाळेल. दुसरा या ॲम्पकडे, समोर माईक ठेवून, करकरीतपणासाठी. साउंडवाला कॉलेजने भाड्याने आणलेलाच असतो. पुढेमागे पैसे जमले तर बासच्या स्पीकरची जुनी पेटी घेऊन ॲम्प तिला जोडावा, दोन्हींवरचे ओहमचे आकडे जुळवून.

आणि खरोखर ‘करू नये’ अशा गोष्टी, कारणांसह : स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्हचा ॲम्प चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मागचं झाकण उघडून बोटं घालू नयेत, बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात. आणि न्यू जर्सीकरांनो, तिकडचा 120 व्होल्टचा ॲम्प भेट आणलात तर तो इथल्या 230 वर थेट लावू नका.

रॉक संगीत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मलेलं नाही. हाताशी असेल त्या डब्यातून पोरांनी ते वाजवलं. आज ‘योग्य उपकरण नाही तर वाजवू नकोस’ म्हणणारे लोक वाद्याची काळजी घेत नसतात, ते दारावर पहारा देत असतात. पैसे नसलेला मुलगा त्या दारावरून परत जातो आणि पुन्हा फिरकत नाही, त्याचं नुकसान कोण मोजणार? फाटलेला स्पीकर बदलता येतो हो..

असो. जाणकारांनी चुका जरूर दाखवाव्यात. फक्त ‘का’ ते सांगून!