विश्लेषण : गाणे गावाचे, मालकी कोणाची? गोसीखुर्दच्या काठावर हवे स्वतःचे म्युझिक लेबल

दिवाळी सरली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मंडईचा हंगाम सुरू होतो. दिवसा दंडार, खडी गंमत. रात्री झाडीपट्टीचे नाटक, तेही उजाडेपर्यंत. मंचावर गाणे रंगले की समोर शेकडो मोबाइल वर होतात. दुसऱ्या दिवशी त्यातलेच एखादे गाणे कुठल्या तरी यूट्यूब चॅनलवर दिसते. गावाचे नाव असते, गाणाऱ्याचे असेलच असे नाही. गाण्याला लाखभर व्ह्यूज मिळाले, तरी गाणारा मात्र दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीतच असतो.

वैनगंगेच्या काठावरच्या, विशेषतः गोसीखुर्द धरणाभोवतीच्या गावांनी आता स्वतःचे म्युझिक लेबल काढायला हवे. ते हौसेसाठी नको, हिशेबासाठी हवे. रेकॉर्डिंगच्या यंत्रांपेक्षाही त्यासाठी एक नीट लिहिलेली वही जास्त गरजेची आहे.

हा प्रश्न गोसीखुर्दमध्येच का?

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला. ३३ दरवाजांच्या या धरणामागे पाणी साठले आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावे उठली.

विस्थापनाच्या कागदावर जमीन, घर, विहीर आणि झाडे मोजली जातात. भजनी मंडळ मोजले जात नाही. वस्ती विभागली की पेटी वाजवणारा एका वसाहतीत जातो, ढोलकीवाला दुसऱ्या. रोवणीच्या वेळी चिखलात उभ्या बाया जी गाणी म्हणत, ती शिकवणाऱ्या आज म्हाताऱ्या झाल्या आहेत. ही गाणी रेकॉर्ड झाली नाहीत तर ती त्यांच्याबरोबर संपतील. आणि कोणीतरी ती रेकॉर्ड करून नेली, तर ती असतील, पण गावाची नसतील.

लेबल म्हणजे नेमके काय?

लेबल म्हटले की डोळ्यांसमोर स्टुडिओ येतो. पण स्टुडिओ तासावर भाड्याने मिळतो. लेबल चार कामे करते : रेकॉर्डिंगचा खर्च उचलते, हक्क कागदावर आणते, गाणे ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवते आणि आलेल्या पैशाचा हिशेब देते.

गोसीखुर्दच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. धरण भरले म्हणून शेत भिजत नाही. त्यासाठी कालवा, वितरिका आणि पाटचारी लागते. या प्रकल्पातून अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट होते आणि कालव्यांची वाट पाहण्यात एक पिढी गेली. रेकॉर्ड केलेल्या गाण्याचेही तसेच आहे. मोबाइलमध्ये साठवलेले गाणे म्हणजे अडवलेले पाणी. लेबल ही त्याची पाटचारी.

कायदा कोणाच्या बाजूने?

बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता. आणि निर्माता म्हणजे ज्याने ते मुद्रण करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. गायक नव्हे. प्रकाशनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. पारंपरिक गाण्याचे शब्द कोणाच्याच मालकीचे नसतात, पण त्याच्या एखाद्या विशिष्ट रेकॉर्डिंगला मालक असतो. म्हणजे आजीचे गाणे सगळ्यांचे, पण आजीने गायलेली ती फाइल पुढाकार घेणाऱ्याची.

गाणारा मात्र अगदी निराधार नाही. याच कायद्यात कलाकाराला सादरीकरणाचा वेगळा हक्क आहे आणि तो ५० वर्षांचा आहे. परवानगीशिवाय केलेले रेकॉर्डिंग व्यावसायिक वापरासाठी विकता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क आणखी भक्कम झाला. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

अडचण अशी, की मुदत लिहिलेली असते. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे दोन शब्द अशा करारांत हमखास सापडतात. एकरकमी मानधन हातात पडते, सही होते आणि विषय संपतो. गावाचे स्वतःचे लेबल असले तर पुढाकार घेणारा गावच असेल. मग कायद्याची हीच व्याख्या गावाच्या बाजूने काम करेल.

याआधी असे कोणी केले?

हा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९३५ च्या सुमारास, ग्रामोफोनच्या बाजारावर एचएमव्हीचा दबदबा असताना, मुंबईत ‘यंग इंडिया’ हे देशी भांडवलावरचे लेबल उभे राहिले. पुढे पुण्यात ‘अलूरकर म्युझिक हाऊस’ हे दुकानही होते आणि लेबलही. लोक तिथे ऐकायला येत, बोलत बसत आणि मग कॅसेट घेऊन जात. ऐकणाऱ्यांचा समूह हेच त्या दुकानाचे खरे भांडवल होते.

अलीकडे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप समूहाने आरेच्या जंगलातील आदिवासींचा प्रश्न घेऊन प्रकाश भोईर यांच्यासोबत २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केले. पाड्यावरचा आवाज आणि शहरातले बीट एकत्र आले, आणि गाणे ज्यांचे होते त्यांचे नाव त्यावर राहिले.

सर्वांत उपयोगी धडा मात्र परदेशातला आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ने संगीतकारांची मालकी संगीतकारांकडेच ठेवली. १९९२ मध्ये ते लेबल दिवाळखोरीत गेले. मोठी कंपनी ते विकत घ्यायला आली, तेव्हा विकण्यासारखे हक्क लेबलकडे फारसे नाहीत असे निघाले. लेबल बुडाले, पण गाणी बुडाली नाहीत. ती कलाकारांकडेच राहिली. गावाचे लेबल उद्या बंद पडू शकते, हे गृहीत धरूनच त्याचा करार लिहायला हवा.

ऐकणारे कुठून आणायचे?

शहरातल्या स्वतंत्र लेबलांना ‘कम्युनिटी’ तयार करण्यासाठी वर्षे घालवावी लागतात. इथे ती तयार आहे. गडचिरोलीतील वडसा-देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. हंगामात तिथे नाट्य कंपन्यांची कार्यालये उघडतात, गावोगावची मंडळे येऊन प्रयोग ठरवतात, तिकीट लावतात, जोखीम स्वतः घेतात. ज्येष्ठ झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पैसे देऊन रात्रभर बसणारा प्रेक्षक ज्या भागात आहे, तिथे ‘श्रोते नाहीत’ ही तक्रार चालत नाही.

म्हणून या लेबलने सुरुवातीला स्ट्रीमिंगच्या कमाईवर भिस्त ठेवू नये. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला वर्षभरात १,००० स्ट्रीम नसतील तर रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतून वाटा मिळवायचा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले गेल्याची अट आहे (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). ऑनलाइन जागा ओळखीसाठी आणि पुराव्यासाठी, पैसा मंडईतून. नाटकाच्या मध्यंतरात विकला जाणारा पेनड्राइव्ह, मंचाशेजारी लावलेला क्यूआर कोड, मोबाइलच्या दुकानातून भरून मिळणारी गाणी : इथला बाजार हा आहे.

सुरुवात कशी करायची?

यंत्रे थोडकी पुरतात. दोन बरे माइक, एक रेकॉर्डर आणि पंखा बंद केलेले समाजमंदिर. मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवू नये, कारण त्यात आवाज दाबला जातो. ती डब्ल्यूएव्ही स्वरूपात दोन वेगळ्या ठिकाणी जपावी.

मग वही. प्रत्येक गाण्यापुढे तारीख, मूळ गाव, गाणारे, वाजवणारे आणि गाणे कोणाकडून शिकले त्याचे नाव. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक घ्यावा; गाण्याचा पैसा योग्य खात्यात जाण्यासाठी तो कामी येतो. नवी गाणी लिहिणाऱ्या-बांधणाऱ्यांनी आयपीआरएसचे सदस्यत्व घ्यावे.

करार एका पानाचा आणि मराठीत असावा. रेकॉर्डिंगची मालकी कलाकारांच्या मंडळाकडे, लेबलला फक्त पाच वर्षांचा वापर-परवाना, खर्च वजा जाता उत्पन्न निम्मे-निम्मे. वर्षातून एकदा, मंडईच्या दिवशी, हिशेब सर्वांसमोर वाचावा. हे अवघड नाही. महिला बचत गट दर महिन्याला हेच करतात. खरे तर लेबलची वही त्यांच्याच हाती दिली तर बरे.

आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक हवी. काही गाणी विधीची असतात, काही दुःखाची. ती बाजारात नेऊ नका, असे गाणारी म्हणाली, तर ती फक्त जपून ठेवावीत.

गाण्याने पोट भरते का?

धरणग्रस्तांना मोबदला, पाणी आणि रोजगार हवा. गाण्याचे काय घेऊन बसलात, हा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. लेबल हा पुनर्वसनाचा पर्याय नाही आणि कोणी तसा तो पुढे केला तर नाकारावा. पहिली काही वर्षे यातून चहापाण्याचा खर्च निघाला तरी पुष्कळ. पण जमिनीच्या बाबतीत या गावांनी एक अनुभव घेतला आहे : कागद दुसऱ्याने लिहिला की अटीही त्याच्याच असतात. गाण्याचा कागद अजून लिहिला गेलेला नाही. तो आधी आपण लिहिण्याची संधी आहे.

येत्या मंडईत कोणी कॅमेरा घेऊन मंचासमोर उभा राहिला, तर मंडळाने त्याला अडवू नये. तीन प्रश्न विचारावेत. हे कुठे लावणार? नाव कोणाचे देणार? पैसे आले तर कोणाला? उत्तरे वहीत लिहून खाली त्याची सही घ्यावी. लेबलची सुरुवात तेवढ्यानेही होते.