ऑरगॅनिकची शिकवणी : तास विकू नका, अडलेली जागा शोधून द्या



मागच्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री झालेल्या, लग्नानंतर तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. बी.एस्सी.च्या पाच मुलांना घरी जाऊन शिकवतात, तासाला २०० रुपये घेतात. म्हणाल्या, "सर, फार दमायला होतं आणि हातात काही उरत नाही. हॉल भाड्याने घेऊन तीस मुलांची बॅच काढू का?"

बहुतेक ट्रेनर इथे "काढा, स्केल करा" म्हणतील. मी त्यांना "नको" म्हणालो. का म्हणालो, ते आज लिहितोय. कारण गणित असो, अकाउंट्स असो की केमिस्ट्री, घरगुती शिकवणी घेणारे बरेचजण हीच चूक करतात.

आधी हिशोब बघू. पाच मुलं, प्रत्येकी आठवड्याला दोन तास, चार आठवडे. झाले ४० तास, म्हणजे ८,००० रुपये. आता यात काय धरलेलं नाही? प्रत्येक तासासाठी स्कूटीवर अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. आणखी ४० तास गेले. तयारी आणि वह्या तपासणं धरा २० तास. एकूण १०० तास. म्हणजे तासाला ८० रुपये, आणि पेट्रोल अजून वजा केलेलं नाही. ताई फोनवर गप्पच झाल्या. हा हिशोब त्यांनी कधी मांडलाच नव्हता.

पण यावर तीसची बॅच हा उपाय नाही. त्याचं कारण धंद्यात नाही, विषयात आहे.

मी काही केमिस्ट्रीवाला नाही. म्हणून ताईंनाच विचारलं, "मुलं नेमकी कुठे अडतात?" त्यांनी एक उदाहरण दिलं ते मला फार आवडलं. प्रोपीनवर एचबीआरची क्रिया केली की मुख्य उत्पादन मिळतं २-ब्रोमोप्रोपेन. तीन मुलं १-ब्रोमोप्रोपेन लिहितात. तिघांचंही उत्तर चूक, आणि चूक अगदी सारखी. पण कारणं?

पहिल्याचा बाणच उलटा. बाण इलेक्ट्रॉनकडून निघतो, म्हणजे इथे दुहेरी बंधाकडून हायड्रोजनकडे. हा हायड्रोजनकडून बंधाकडे काढतो. त्यामुळे कार्बोकॅटायन कुठे तयार होतो हे त्याला दिसतच नाही, आणि तो अंदाजाने काहीतरी लिहून मोकळा होतो. दुसऱ्याचा बाण बरोबर आहे, पण सेकंडरी कार्बोकॅटायन प्रायमरीपेक्षा स्थिर का, हे त्याला कळलेलं नाही. तिसरी मुलगी तर हुशार. तिने मार्कोव्हनिकोव्हचा नियमही पाठ केलाय आणि पेरॉक्साइड इफेक्टही. पेरॉक्साइड असेल तर १-ब्रोमोप्रोपेनच मुख्यतः मिळतं, आणि ती दोन्हींची गल्लत करते.

आता सांगा, तीसच्या बॅचमध्ये काय होणार? ताई फळ्यावर बरोबर उत्तर लिहिणार, तिघंही ते वहीत उतरवून घेणार आणि तिघांचीही मूळ अडचण तशीच राहणार. पुढच्या धड्यात एसएन१, एसएन२ आलं की पुन्हा तोच गोंधळ. मग मूल घरी येऊन सांगतं, "मला ऑरगॅनिक जमतच नाही." खरं तर एकच जागा अडलेली असते, आणि तिच्यापायी मूल अख्खा विषय सोडून देतं. केटी लागते, सेमिस्टरची फी गेलेली असते आणि घरात बोलणी बसतात ती वेगळीच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : वैयक्तिक शिकवणी म्हणजे 'कमी मुलांचा क्लास' नव्हे. तो वेगळाच धंदा आहे. क्लासवाला शिकवणं विकतो. तुम्ही निदान विकायचं असतं. डॉक्टर आधी तपासतो, मग औषध लिहितो. आपण मात्र पहिल्या दिवसापासून धडा पहिला, पान पहिलं.

१९८४ साली बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने एकास-एक शिकवणीचा फायदा फार मोठा असतो असं मांडलं होतं. नंतरच्या अभ्यासांत तो इतका प्रचंड दिसला नाही, पण फायदा होतो हे पुन्हा पुन्हा दिसलं. मला त्यातून एवढंच घ्यायचंय : चूक झाली की ती तिथल्या तिथे पकडली जाते. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी त्याला तुमच्या वहीतला बाण दिसत नाही. हे मी स्वतः व्हिडिओ बनवणारा माणूस सांगतोय!

मग ताईंनी काय करायचं ठरवलं?

एक, पहिली भेट फक्त तपासणीची. ४५ मिनिटं, दहा छोटे प्रश्न. मुलाने बोलत बोलत सोडवायचे, ताईंनी मध्ये तोंड उघडायचं नाही. शेवटी एका कागदावर लिहून द्यायचं : या तीन जागी अडतंय. याचे ३०० रुपये, आणि पुढे शिकवणी लावायचीच असं बंधन नाही.

दोन, शिकवणी आठ भेटींची. सुरुवात आणि शेवट ठरलेला. वर्षभर मूल बांधून ठेवायचं नाही. आठ भेटींत मूल स्वतःचं स्वतः सोडवायला लागलं, तर तेच तुमची जाहिरात करेल.

तीन, जाणं-येणं बंद. मोबाईल स्टँडवर लावून कॅमेरा वहीवर. चेहरा नाही दिसला तरी चालेल, बाण दिसला पाहिजे.

चार, गट करायचाच असेल तर तिघांचा, आणि तिघंही एकाच जागी अडलेले हवेत.

आता हिशोब बघा. एकास-एक २० तास, ४०० रुपयांप्रमाणे ८,०००. तिघांच्या गटाचे १० तास, प्रत्येकी २०० म्हणजे तासाला ६००, असे ६,०००. तयारीला १५ तास. एकूण ४५ तासांत १४,००० रुपये, म्हणजे तासाला ३०० च्या वर. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण मांडा जरूर. आणि ज्या मुलाला ४०० परवडत नाहीत त्याला गटात घ्या, हाकलू नका.

शेवटी एक गोष्ट आवर्जून. "मॅडम, जर्नल लिहून द्या, असाइनमेंट सोडवून द्या, जास्त पैसे देतो" अशी मागणी येणारच. नाही म्हणा. नैतिकता आहेच, पण धंद्याचं कारणही आहे. ज्या दिवशी तुम्ही मुलासाठी उत्तर लिहून दिलंत, त्या दिवसापासून तुम्ही शिक्षक राहिला नाहीत, लिहून देणारे झालात. आणि लिहून देणारा गावात दुसरा स्वस्त मिळतोच. तसंच "पास करून देते" अशी हमीही देऊ नका. पेपर तुम्ही काढत नाही. "तुझी अडलेली जागा मोकळी करते", एवढंच वचन द्या आणि पाळा.

या आठवड्याचं काम : तुम्ही कुठलाही विषय शिकवत असा, तुमच्या एका विद्यार्थ्याची चुकलेली पाच उत्तरं काढा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा. 'अभ्यास करत नाही' हे कारण चालणार नाही. खरी पाच कारणं लिहिता आली, तर ४०० रुपये फी सांगताना तुमची जीभ अडखळणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.