पाटाच्या कडेनं या

मालेगावात सकाळी सायकल काढणाऱ्या प्रत्येकाला मला एक विनंती करायची आहे. महामार्ग सोडा आणि पाटाच्या रस्त्याला लागा.

सायकल आपल्या गावाला शिकवावी लागत नाही. मागावर पाळीला जाणारा कामगार, दूधवाला, मंडईतला हमाल, सगळ्यांनी ती वर्षानुवर्षं वापरली. आता तब्येतीसाठी म्हणून पुष्कळ जण पुन्हा सायकलवर बसू लागले आहेत, आणि निघतात ते थेट मुंबई-आग्रा रस्त्याकडे. रस्ता गुळगुळीत आहे, चहाही मिळतो. मीसुद्धा बरेच दिवस तिकडेच जात होतो. एका पहाटे एक कंटेनर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानंच माझी सायकल कडेच्या खडीत गेली. मागून दुसरी गाडी येत नव्हती म्हणून मी आज हे लिहितो आहे. तुमच्या घरातलं कोणी रोज त्या रस्त्यानं सायकलवर जात असेल, तर त्याला आजच थांबवा.

आणि दुसरा रस्ता नाही असं समजू नका. गिरणा कळवणच्या डोंगरांतून येते, मोसम बागलाणातल्या साल्हेर-मुल्हेरच्या बाजूनं येते आणि दोघी मालेगावापाशी मिळतात. गिरणेवरचं चणकापूर धरण इंग्रजांच्या काळातलं, 1911 सालचं. मोसमवर हरणबारी. या पाण्यासाठी काढलेले पाट आणि त्यांना फुटलेल्या चाऱ्या कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात पसरलेल्या आहेत. मोठ्या पाटाच्या कडेनं देखभालीसाठी मुरमाचा रस्ता ठेवलेला असतो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कांद्याचं नाहीतर डाळिंबाचं शेत, मधे निंब आणि बाभूळ. कुठे एखादा ट्रॅक्टर, कुठे चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, बाकी रस्ता मोकळा.

या रस्त्याचा एक गुण सायकलवाल्यानं समजून घेतला पाहिजे. पाणी आपल्या वजनानं वाहत जावं म्हणून पाट जमिनीच्या कलाकलानं, वळसे घेत, अगदी नाममात्र उतारानं काढलेला असतो. टेकडी आली की तो चढत नाही, तिला वळसा घालतो. त्यामुळे त्याच्या कडेचा रस्ताही जवळजवळ सपाट राहतो. गुडघे दुखणारा साठीतला माणूस आणि पहिल्यांदाच लांब जाणारी आठवीतली मुलगी, दोघंही तिथे दम न लागता चालवू शकतात. इथलं पाणी पश्चिमेकडून येतं, म्हणून सकाळी पाण्याच्या उलट दिशेनं निघालात तर ऊन पाठीवर राहतं. परतताना ते डोळ्यांवर येतं, तेव्हा टोपी सोबत ठेवा.

पण हा रस्ता आपल्यासाठी बांधलेला नाही. तो पाटबंधारे खात्याचा आहे आणि रोजच्या वापरात शेतकऱ्याचा आहे. मोसम, आरम, गिरणेच्या काठानं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली आणि पाण्याची पाळी सगळ्यांनी मिळून ठरवलेली. पाटकरी पाटाच्या कडेनं फिरायचा, कुठे फुटलं, कुठे कोणी पाणी वळवलं ते बघायचा. सायकल घेऊन तिथे जायचं तर त्या पाटकऱ्याच्या पायवाटेवर आपण पाहुणे आहोत हे मनात धरूनच जा. ज्या पाटावर जायचं असेल तिथल्या शाखा कार्यालयात आधी विचारा. पाच-दहा जण मिळून नेहमी जाणार असाल तर लेखी अर्ज द्या. फाटकाला कुलूप असेल तर सायकल उचलून पलीकडे टाकू नका.

आता सायकलीचं. मुरमासाठी म्हणून लाखाची सायकल विकत घेऊ नका. घरातली जुनी काळी सायकल चालेल, मुलाची गिअरची चालेल. फक्त अरुंद टायरची शर्यतीची नको, ती खडीत रुतते आणि घसरते. टायर जरा रुंद असावा आणि हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी. अंगठ्यानं जोरात दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. हवा कमी असली की टायर दगडाला धरून चालतो, हादरे हातापर्यंत पोचत नाहीत. फार कमी केलीत तर दगडावर ट्यूब चिमटून फाटते, तेव्हा अंदाज घेत घेत ठरवा. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणावर लावू नका, आणि पुढचा ब्रेक मुरमावर कधीही झटक्यानं दाबू नका. खडबडीत जागी सीटवरून थोडं उठा, कोपरं सैल सोडा, सायकल खाली हलू द्या.

आपल्याकडचा खरा त्रास काट्यांचा आहे. बाभळीचा काटा आणि सराटा, दोन्ही टायरमधून सरळ आत जातात. सोबत हातपंप, एक जादा ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन ठेवा आणि पंक्चर काढायला घरी बसून दोनदा तरी शिका. नवे लोक एक चूक हमखास करतात. ट्यूब बदलतात, पण काटा टायरच्या आतच राहतो आणि दहा मिनिटांत नवी ट्यूबही बसते. टायरच्या आतून कापडाची चिंधी फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा आहे.

पावसाळ्यात या वाटांवर जाऊ नका. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, चाक आणि मडगार्डच्या मधे भरून बसते. मग सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. शिवाय ओल्या भरावावर चाकोऱ्या पडल्या की पुढचं पाणी त्यांतूनच वाहतं आणि भराव खचतो. दसऱ्यानंतर रस्ते वाळतात. तिथून फेब्रुवारीपर्यंतचे महिने या कामासाठी सोन्यासारखे. मार्चनंतर आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. उजाडताना निघा आणि नऊच्या आत घरी या. माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, भाकरी. लहान मुलं सोबत असतील तर खिशात रावळगावच्या गोळ्या ठेवा, आणि कागद त्याच खिशात परत आणा.

कागदाचं हे मी मुद्दाम सांगतो आहे. चणकापूरचं पाणी कालव्यानं तळवाड्याच्या साठवण तलावात येतं आणि तिथून मालेगावच्या नळांना जातं. पाटात टाकलेली गुटख्याची पुडी किंवा पाण्याची बाटली आपल्याच प्यायच्या पाण्यात पडते.

पाटात उतरू नका. हे वाक्य मुलांकडून दहा वेळा म्हणवून घ्या. आवर्तन सुरू असताना पाणी वरून शांत दिसतं, आत ओढ असते. अस्तर केलेल्या पाटाच्या तिरक्या बाजूंवर शेवाळ असतं. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथे पाय रोवून वर येऊ शकत नाही. पाण्याच्या बाजूनं मुलाला चालवू देऊ नका, तुम्ही त्या बाजूला राहा. कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. दोर, ओढणी, लांब काठी, जे असेल ते टाका आणि ओरडून शेतातल्या माणसांना बोलवा.

वस्तीवरचं कुत्रं धावून आलं तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा, हळू चाला. शेळ्यांचा कळप किंवा बैलगाडी आली तर आपण थांबायचं, त्यांनी नाही. डाळिंबावर फवारणी चालू दिसली तर वारा कुठून कुठे आहे ते पाहा, गरज पडली तर दहा मिनिटं लांब थांबा. दिवेलागणीनंतर उसाच्या कडेनं जाऊ नका, बिबट्या उसात असतो. मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावू नका. शेतात काम करणाऱ्या बायांचे फोटो काढू नका. एक डाळिंबसुद्धा तोडू नका. भेटेल त्याला रामराम करा, सलाम करा, कुठून आलात ते सांगा. दोन-तीनदा दिसलात की लोक ओळखू लागतात, आणि ओळख झाली की पाणी, सावली, मदत सगळं मिळतं.

डोंगर हवा असेल त्यांनी उत्तरेला गाळण्याकडे जावं. करंजगव्हाण, डोंगराळे या बाजूनं किल्ल्याच्या पायथ्याशी पोचता येतं. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण मधल्या शिवाररस्त्यांनी बराचसा टप्पा गाड्यांपासून दूर राहून कापता येतो. तिथे चढ आहेत, ओबडधोबड दगड आहेत, म्हणून आधी पाटावर महिनाभर हात बसू द्या. वनखात्याच्या हद्दीत आधीपासून असलेल्या वाटेवरूनच चाला, नवी वाट पाडू नका. उन्हाळ्यात वाळल्या गवतात विडी किंवा चूल पेटवणारा माणूस सोबत नेऊ नका.

आता थोडं मोठं मागणं. हे रस्ते मुरमाचेच राहावेत. 2021 पासून राज्यात शेतरस्ते आणि पाणंद रस्ते मजबूत करण्याची योजना आहे. शेतमाल बाहेर काढायला पक्का रस्ता शेतकऱ्याला लागतोच, त्याला कोणी आडवं जाऊ नये. पण पाटाच्या भरावावरचा रस्ता वेगळा. त्यावर डांबर पडलं की डंपर येतील, जवळचा रस्ता म्हणून मोटारी येतील, आणि पाण्याशेजारून भरधाव गाड्या धावू लागतील. ग्रामसभेत हे बोला. मुरूम दाबून घ्या, बाभळीच्या फांद्या छाटा, शक्य तिथे कडेला निंब लावा, एवढंच मागा.

अशी वाट वाचल्याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून पोटोमॅक नदीच्या काठानं एक जुना कालवा आहे, चेसापीक-ओहायो नावाचा. नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी त्याच्या कडेला वाट होती. 1924 मध्ये कालवा बंद पडला. पुढे तिथे मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं. 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस त्या वाटेनं सोबत्यांना घेऊन चालत निघाले, लोकांना ती दाखवली, आणि रस्ता झाला नाही. 1971 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज सुमारे 297 किलोमीटर लांबीच्या त्या कच्च्या वाटेवर माणसं सायकली चालवतात. ज्या वाटेवर माणसं दिसतात, तिच्या बाजूनं बोलणारं कोणीतरी उभं राहतं. आपल्या पाटावर आत्ता दिसायला हवीत ती माणसं तुम्ही आहात.

शुक्रवारी माग बंद असतात. कामगारांना तीच सकाळ मोकळी मिळते. बाकीच्यांनी रविवार धरावा. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर जाऊन परत या, जास्त नको. एकटे जाऊ नका, घरातलं एक माणूस सोबत घ्या. हवा मात्र आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा, पहाटे पंक्चरचं दुकान उघडं नसतं.