घामाचा दाम ही मेहेरबानी नव्हे

पोटठेकेदार हा बांधकामाच्या धंद्यातील सर्वांत उघडा पडलेला माणूस होय. गिलावा त्याचा, फरशी त्याची, रंग त्याचा. परंतु पैसा वरून येतो आणि त्याच्या हाती पडण्यापूर्वीच वाटेत आटतो. "मालकाकडून बिल निघाले की तुमचे देऊ," हे मुख्य ठेकेदाराचे ठरलेले उत्तर! मजुरांची मजुरी मात्र थांबत नाही. तिच्यासाठी घरातील सोने गहाण पडते. वाचकहो, याला नशीब म्हणून मान तुकविण्याचे काहीएक कारण नाही. केलेल्या कामाचा दाम हा हक्क आहे आणि त्याला कायद्याचा आधार आहे.

२००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा काय सांगतो, ते पाहा. सूक्ष्म वा लघु उद्योगाने माल पुरविला किंवा सेवा दिली, तर लेखी करारातही पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. मुदत ठरलीच नसेल, तर ती १५ दिवसांची. काम झाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम स्वीकारले असेच कायदा मानतो. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागते. करारात "व्याज नाही" असे लिहून घेतले असले, तरी हा हक्क बुडत नाही. दाद आपल्याच भागातील सुविधा परिषदेकडे मागावयाची. तेथे प्रथम समेट, तो न झाल्यास लवाद. निवाड्याला आव्हान देणाऱ्या देणेकऱ्यास ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

परंतु दोन गोष्टी विसरू नका. उद्यम नोंदणी करार करण्यापूर्वीच करावी. ती विनाशुल्क आहे. मागाहून केलेल्या नोंदणीने जुन्या व्यवहारास संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ व २०२२ साली म्हटले आहे. दुसरे, माल व मजुरी एकत्र असलेली बांधकामाची कंत्राटे मुंबई उच्च न्यायालयाने काही निवाड्यांत या कायद्याबाहेर ठेवली आहेत. अशा वेळी लेखी करारावरील ठरीव रकमेसाठी दिवाणी न्यायालयात संक्षिप्त दाव्याचा मार्ग आहे. त्यात प्रतिवादीस बचावासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मात्र सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. तोंडी आश्वासनांवर ही मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत मिळालेल्या सहीच्या लेखी कबुलीने ती वाढते.

इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने "मला मिळाले तर तुला देईन" हे कलम बांधकामाच्या करारांत निष्प्रभ केले. वरचा देणेकरी दिवाळखोर झाला तरच अपवाद. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १७९१ सालीच बांधणाऱ्याला इमारतीवर बोजा चढविण्याचा हक्क दिला. आमच्याकडे पोटठेकेदाराचा करार मुख्य ठेकेदाराशी असतो, म्हणून मूळ मालकाला तो सहसा जाब विचारू शकत नाही. ही उणीव कायद्याने भरून काढलीच पाहिजे. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा राखून ठेवला आहे. पण काम मिळून दाम मिळत नसेल, तर तो वाटा कागदावरचाच!

तोवर आपले शस्त्र आपणच तयार ठेवावे. लेखी कार्यादेशावाचून कामाला हात लावू नका. मोजणीवर सही घ्या, बिलाची पोच घ्या. जो कागद मागण्यास लाजतो, त्याच्यावर पुढे पैशासाठी हात पसरण्याची पाळी येते.