देवावर भरवसा आहे, मग भीती कशाची?

मित्रहो, आपल्या होस्टेलवर देवाचा सीझन वर्षातून दोनदा येतो. युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल नोटीस बोर्डावर लागलं रे लागलं, की खोल्याखोल्यांतून उदबत्तीचा वास यायला लागतो. एरवी दहाला उठणारे पहाटे गार पाण्याने आंघोळ करतात. कोणी मंगळवार धरतो, कोणी शनिवारी मारुतीला तेल घालून येतो, कोणी फजरची नमाज चुकवत नाही. कोणाच्या मनगटाला नवा दोरा, तर कोणाच्या हॉल तिकिटात आईने पाठवलेला अंगारा. एम-थ्रीचा पेपर झाला की उदबत्ती विझते. मग निकालापर्यंत देवाला सुट्टी!

हे मी चेष्टेने लिहीत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा आला की माणूस कोणाला तरी हाक मारणारच. प्रश्न वेगळाच आहे. आपण इतकी वर्षं देवाला मानतो, तरी आपण इतके घाबरट का? व्हायवाला घाबरतो, कॅम्पसला घाबरतो, घरी फोन करून ‘केटी लागली’ हे सांगायला घाबरतो, नातेवाईक काय म्हणतील याला तर सगळ्यात जास्त घाबरतो. ज्याच्या पाठीशी जगाचा मालक उभा आहे असं आपण म्हणतो, त्या माणसाची चाल अशी चोरासारखी का असावी?

माझ्या मते देवावर ‘विश्वास’ ठेवण्याच्या नावाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी करतो. पहिली म्हणजे सौदा. ‘पास कर, अकरा नारळ वाढवतो.’ यात भरवसा कुठे आहे? हे तर टेंडर झालं. दुसरी म्हणजे सबब. ‘त्याच्या मनात असेल तर होईल’ असं म्हणत अंगावर पांघरूण ओढायचं. आळसाला देवाचं नाव दिलं की कोणी बोलू शकत नाही, ही त्यातली सोय! आणि तिसरी गोष्ट, जी खरी आणि फार थोड्यांना जमते, ती म्हणजे भरवसा. आपलं काम जीव तोडून करायचं आणि पुढे काय होईल या काळजीचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकून मोकळ्या हाताने पुढचं पाऊल उचलायचं. आमच्या मुस्लिम मित्रांना पैगंबरांची एक शिकवण लहानपणापासून ठाऊक असते: उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू नये, आधी तो नीट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा. गीतेतला कर्मयोगही वेगळं काय सांगतो? इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचं तर इनपुट आपल्या हातात, आउटपुटमध्ये इतर शंभर व्हेरिएबल्स. त्यातलं आपलं एक चोख करायचं, बाकीच्यांसाठी झोप उडवायची नाही.

ही पुस्तकी गोष्ट वाटत असेल तर लांब जायला नको. मालेगावहून आग्रा रोडने एसटीने तास-दीड तासात धुळं येतं. तिथल्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा भावे कैद्यांपुढे गीतेवर बोलत होते. अठरा अध्याय, अठरा रविवार. आणि समोर बसून ते शब्द भराभर उतरवून घेणारा कैदी होता पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. आज घराघरांत असलेलं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या वहीतून आलं. जिथे माणसं खचतात, तिथे या दोघांनी रविवारचा वर्ग भरवला!

गुरुजींची आठवण होस्टेलच्या मुलांनी तर काढलीच पाहिजे, कारण ते आपल्याच जातीचे, म्हणजे होस्टेलवाले. धुळ्याच्या पुढे अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ पासून शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आपल्याकडे रेक्टर म्हटलं की रात्री दहाला टॉर्च घेऊन फिरणारी आकृती डोळ्यांपुढे येते. (आमच्या रेक्टर सरांनी हलकेच घ्यावं!) गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, पडलेले कपडे धुऊन टाकत, आजारी मुलाजवळ रात्र काढत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. त्यांच्या दृष्टीने ही देवपूजाच होती. देव मुलांमध्ये आहे ना, मग मुलांची खोली झाडली की देऊळ झाडलं.

असा हळवा, बोलताना डोळ्यांत पाणी येणारा माणूस १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला आणि पुढे धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांतून फिरला. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. तुरुंगाचं दार बंद झालं म्हणून आयुष्य बंद झालं नाही. आपल्याला एक सेमिस्टर वाया गेलं की जग बुडाल्यासारखं वाटतं!

पण त्यांच्या भरवशाची खरी कसोटी लागली ती पंढरपुरात. विठ्ठल सगळ्यांचा, असं महाराष्ट्र सातशे वर्षं टाळ कुटून सांगत होता, आणि दलितांना मात्र देवळाच्या बाहेर उभं करत होता. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर पायरीजवळ आहे. आत नाही, बाहेर. गुरुजींनी ठरवलं की हे दार उघडेपर्यंत आपण उपाशी राहायचं. आधी त्यांनी काही महिने महाराष्ट्र पिंजून काढला. गावोगावी सभा घेतल्या, अनेक ठिकाणी देवळं आणि विहिरी खुल्या झाल्या. म्हणजे उंट आधी बांधला! मग १ मे १९४७ ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण सुरू केलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. विरोध फक्त सनातन्यांचा नव्हता. अपुऱ्या माहितीवरून खुद्द गांधीजींनी उपोषण थांबवा अशी तार केली. ज्या माणसाला दैवत मानलं, त्याचाच नकार! आपल्यापैकी कोणीही म्हणाला असता, ‘जाऊ दे, सरच नको म्हणतायत.’ गुरुजींनी अत्यंत नम्रपणे ऐकलं आणि उपोषण चालू ठेवलं. पुढे गांधीजींना खरी परिस्थिती कळली. १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी ते दार उघडलं. देवावर भरवसा ठेवणारा माणूस देवाच्या पुजाऱ्यांनाही भीत नाही आणि स्वतःच्या नेत्यालाही भीत नाही, पण दोघांचाही द्वेष करत नाही. याला मी धीटपणा म्हणतो. बाकी बाइकवर तिघे बसून कॅम्प रोडला सुसाट जाणं याला वेगळा शब्द आहे!

आता आमच्या विंगमधल्या नास्तिक मंडळींचे दोन बाउन्सर मला माहीत आहेत, त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला: ‘देव न मानताही माणूस धीट असतो.’ एकदम मान्य. डॉ. नरेंद्र दाभोलकर देव मानत नव्हते आणि त्यांच्याइतका निर्भय माणूस शोधून सापडणार नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. धमक्यांना भिऊन ते कधी थांबले नव्हते. त्यामुळे माझं भांडण नास्तिकाशी नाहीच. माझं भांडण आहे ते देव मानून वर घाबरणाऱ्याशी. नास्तिकाने धीट असणं ही त्याची कमाई. आस्तिकाने भित्रं असणं हा मात्र त्याच्या बोलण्यातला आणि जगण्यातला विरोध आहे.

दुसरा बाउन्सर जास्त अवघड आहे: ‘एवढा भरवसा होता, तर गुरुजींनी स्वतःचं आयुष्य का संपवलं?’ होय, ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. हे लपवून त्यांची गोष्ट सांगणं मला पटत नाही. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे आपण ठरवू नये. पण यातून एक गोष्ट नक्की घ्यावी: श्रद्धा ही लस नव्हे. मन आजारी पडू शकतं, संतांचंही, टॉपरचंही. अशा वेळी ‘तुझा देवावर विश्वास कमी पडतोय’ असं मित्राला सुनावणं हा क्रूरपणा आहे. ताप आला तर आपण जप करत बसत नाही, डॉक्टरकडे जातो. मनाचंही तसंच. रूममेटला सांगा, घरी सांगा, ज्या सरांशी किंवा मॅडमशी बोलता येतं त्यांना सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, फोन फुकट लागतो. मदत मागणं म्हणजे भरवसा ढळणं नव्हे. देव मदत पाठवतो ती बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतूनच पाठवतो. आणि जो दुसऱ्यांच्या खोल्या झाडतो, त्याच्या खोलीतही कोणीतरी डोकावलं पाहिजे, हे आपण विसरायचं नाही.

शेवटी आपल्या गावाबद्दल. या गावात भीतीला नकाशा आहे. मोसम नदीच्या या काठाला एक वस्ती, त्या काठाला दुसरी. ऑक्टोबर २००१ मध्ये इथे दंगल पेटली. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, नमाजानंतर कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून जास्त माणसं गेली. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट, सहा जण गेले. तरीही २००६ नंतर मोठी दंगल पेटली नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली होती, त्यांनी दगड उचलला नाही. पॉवरलूमचा खडखडाट पुन्हा सुरू झाला. भरवसा म्हणजे काय हे प्रवचनापेक्षा या गावाकडून जास्त शिकता येईल. आणि तरीही आपल्यातले किती जण चार वर्षांत पूल ओलांडून पलीकडच्या मित्राच्या घरी जेवायला गेले? ज्या गुरुजींनी विठ्ठलाच्या दारात उपोषण केलं, त्यांनीच महंमद पैगंबरांचं चरित्र सांगणारं ‘इस्लामी संस्कृति’ हे पुस्तकही लिहिलं. त्यांच्या देवाला नदीचा अडसर नव्हता.

तेव्हा मित्रहो, या सेमिस्टरला नवस करायचाच असेल तर जरा मोठा करा. ‘पास कर’ एवढंच मागू नका, ते काम सिलॅबसचं आहे. ‘माझी भीती काढ’ असं मागा. आणि मागून झाल्यावर उठा. ज्या विषयाला घाबरता त्याचं पुस्तक उघडा. फर्स्ट इयरच्या पोराला कोणी छळत असेल तर मध्ये पडा. ज्याच्याशी सहा महिने बोलणं बंद आहे त्याच्या खोलीचं दार वाजवा. घरी फोन करून केटीचं खरं सांगा, आई रागावेल, पण फोन ठेवणार नाही. ईद असो वा दिवाळी, पलीकडच्या मित्राने बोलावलं तर कारण सांगू नका, जा.

फळ मिळेल की नाही, ते त्याच्यावर सोडा. दार वाजवणं आपल्याकडे आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी